जर्मन इंजिन आणि तालुक्याचा मिस्त्री

वर्धा जिल्ह्यातल्या सर्वांत प्रसिद्ध मोटारगाडीला इंजिन नव्हते. महात्मा गांधी १९३६ साली वर्ध्यालगतच्या शेगावात राहायला गेले. त्या गावाचे नाव १९४० मध्ये सेवाग्राम झाले. त्या काळात जमनालाल बजाज यांच्याकडच्या एका जुन्या फोर्ड गाडीचे इंजिन काढून तिला बैलजोडी जुंपली होती, आणि या वाहनाला सारे ‘ऑक्स-फोर्ड’ म्हणत. इंग्रजी शिकलेल्यांना त्यातला श्लेष कळे, न शिकलेल्यांना बैल कळत. पुढे १९४१ मध्ये गांधीजींनी खुद्द हेन्री फोर्ड यांना एक चरखा भेट म्हणून पाठवला, हे त्या कथेचे दुसरे टोक.

आठवणींच्या पुस्तकांतून ही ऑक्स-फोर्ड विनोदापुरती येते आणि जाते. मला मात्र त्या विनोदामागे एक विचारपूर्वक घेतलेला निर्णय दिसतो. अमेरिकेत घडलेली वस्तू वर्ध्याच्या काळ्या मातीत रोजच्या कामाला लावायची, तर तिच्यातले काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे कुणीतरी ठरवले होते. चाके ठेवली, स्प्रिंगा ठेवल्या, बसायच्या गाद्या ठेवल्या, इंजिन टाकले. कडबा आणि सरकी गावात मिळत होती.

हे सारे आठवायला निमित्त झाले ते आमच्या एका तरुण सहकाऱ्याचे. ते समुद्रपूरला राहतात आणि जामच्या चौरस्त्यावरून नागपूरच्या बाजूला रोज महाविद्यालयात येतात-जातात. इतकी वर्षे त्यांनी हा प्रवास एसटीने, मग मोटारसायकलने केला. यंदा गाडी घ्यायची ठरली, तेव्हा त्यांनी जाहीर केले की, घेईन तर वापरलेली जर्मन स्पोर्ट्‌स सेडानच, आणि तीच रोज चालवीन. प्राध्यापक-कक्षात लगेच दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे, मास्तराने दारात हत्ती झुलवू नये. दुसऱ्या तटाचे म्हणणे, नव्या छोट्या गाडीच्या पैशांत बीएमडब्ल्यू मिळत असेल, तर नाही म्हणणारा करंटा. वाद बराच रंगला. पण दोन्ही तट प्रतिष्ठेविषयीच बोलत होते, हे माझ्या लक्षात आले. ‘रोज’ या शब्दाकडे कुणाचेच लक्ष नव्हते. वास्तविक सगळा इतिहास त्या शब्दात आहे.

मराठीचा माणूस म्हणून मी आधी शब्दांकडे वळतो. आपल्या बोलीत जर्मनीहून आलेले शब्द शोधायला गेलो तर ते तत्त्वज्ञानाच्या किंवा संगीताच्या दालनात फारसे सापडत नाहीत, शेताच्या बांधावर सापडतात. पहिला शब्द ‘डिझेल’. रुडॉल्फ डिझेल या अभियंत्याने आपले इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे यशस्वी करून दाखवले. १९१३ मध्ये तो वारला. ओलिताच्या दिवसांत ‘डिझेल सरलं’ म्हणून कॅन घेऊन पंपाकडे निघालेला शेतकरी एका माणसाचे आडनाव उच्चारत असतो. दुसरा शब्द ‘टेम्पो’. हॅम्बुर्गच्या विडाल आणि पुत्र या कंपनीच्या मालवाहू तीनचाकीचे हे व्यापारी नाव. फिरोदियांनी त्या कंपनीशी करार करून १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी काढली, तीनचाक्या रस्त्यावर आल्या, आणि बघता बघता मराठीत कुठल्याही लहान मालवाहू गाडीला टेम्पो म्हणू लागले. मूळ तीनचाकी केव्हाच गेली, कंपनीचे नावही २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाले, शब्द राहिला. लग्नाचे सामान टेम्पोतूनच जाते, मग तो टेम्पो कोणत्याही कंपनीचा असो. त्याच कारखान्याच्या ‘मॅटाडोर’चेही आपल्याकडे असेच सामान्यनाम झाले. या कंपनीच्या नावातले पहिले पद वर्ध्याच्या बजाज घराण्याचे आहे, हेही जाता जाता नोंदवायला हवे. बैल जुंपलेल्या फोर्डपासून हॅम्बुर्गच्या तीनचाकीपर्यंतचे अंतर एकाच नावाने एका पिढीत कापले.

आणि ‘मर्सिडीज’? हा शब्द आज ज्या अर्थाने आपण उच्चारतो तो अर्थ अगदी अलीकडचा आहे. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ साली डाइम्लर-बेंझशी सहकार्याचा करार केला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक बाहेर पडू लागले. हा करार १९६९ पर्यंत चालला. तोवरच्या ट्रकांच्या तोंडावर तोच तीन टोकांचा तारा होता. म्हणजे ज्या ताऱ्यावरून आज दारात उभ्या असलेल्या गाडीच्या मालकाची ऐपत ओळखतात, त्याची पहिली ओळख आपल्या मुलखाला मालवाहू ट्रकच्या तोंडावर झाली. तो तारा धुळीने माखलेला होता आणि त्याच्याखालच्या इंजिनावर हात ठेवणारा माणूस लुंगी नेसलेला होता.

त्यानंतरचा दुवा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही. मर्सिडीजच्या ‘२४०डी’ या सेडान गाडीत सुमारे २.४ लिटरचे ‘ओएम६१६’ नावाचे चार नळकांड्यांचे डिझेल इंजिन असे. पश्चिम जर्मनीत या गाड्या टॅक्सी म्हणून लाखो किलोमीटर धावल्या आणि त्या टिकाऊपणाच्या जगभर दंतकथा झाल्या. हेच इंजिन परवान्याखाली पुण्याजवळ आकुर्डीला तयार होऊ लागले आणि बजाज टेम्पोच्या गाड्यांत, त्यांतल्या ट्रॅक्समध्येही, बसले. विदर्भातल्या वाचकांना ट्रॅक्स म्हणजे काय हे सांगायला नको. एसटी चुकल्यावर चौकात उभी असलेली काळीपिवळी ती हीच. आत पंधरा, मागे लटकलेले तीन, टपावर बोचकी आणि एखादी शेळी. गिरडच्या दर्ग्याला जाणारे, हिंगणघाटच्या बाजाराला जाणारे, पोरीला बाळंतपणाला आणणारे, सारे वर्षानुवर्षे मर्सिडीजच्या सेडानच्या इंजिनावर प्रवास करीत होते आणि त्यांना त्याची कल्पनाही नव्हती. तेव्हा समुद्रपूरच्या रस्त्यावर जर्मन इंजिन रोज चालेल का, या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने केव्हाच देऊन ठेवले आहे. चालले, आणि कुरकुर न करता चालले.

कशामुळे चालले? गाडी दणकट होती हे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे उत्तर मिस्त्री. ट्रकच्या, टेम्पोच्या आणि ट्रॅक्सच्या इंजिनांवर तालुक्याच्या गावांतून मिस्त्रींच्या दोन-तीन पिढ्या तयार झाल्या. बीडाचे ओतीव ठोकळे, गिअरांनी फिरणारा इंधनाचा पंप, नोझल, हेड, गॅस्केट: सारे डोळ्यांना दिसणारे आणि पान्याला लागणारे. बॉश या जर्मन कंपनीच्या तंत्रावर बेंगळूरूला १९५१ साली उभी राहिलेली ‘मायको’ तर मिस्त्रींच्या बोलीत इतकी मुरली की, ‘मायको’ म्हणजे पंप, नोझल, प्लग असे काहीही असू शके. पोरगा बारा-तेरा वर्षांचा असताना हाताखाली लागे, पाने पुसता पुसता इंजिनाचा आवाज ओळखायला शिके. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नव्हते, मराठीत तर नव्हतेच. गुरुशिष्यपरंपरेविषयी आपण वर्गात इतके बोलतो, पण ती गॅरेजच्या ऑईलने काळ्या पडलेल्या जमिनीवर अखंड चालू होती इकडे आपले लक्ष नसते. असो.

जर्मन गाडीचा आपल्याकडे दुसराही एक इतिहास आहे, आणि सहकाऱ्याच्या मनातली गाडी त्या दुसऱ्या वंशावळीतली. स्वातंत्र्यानंतर परदेशी मोटारींच्या आयातीवर कडक बंधने आली. देशात बनणाऱ्या दोन-तीन प्रकारच्या गाड्यांसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. कुर्ल्याची फियाट, पुढे जिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले, तिची नोंदणी करून वाट पाहणारी कुटुंबे मुंबई-पुण्यात घरोघर होती. नवी गाडी सरकारी भावात मिळायची, पण मिळायची नाही. जुनी लगेच मिळायची, म्हणून ती अनेकदा नवीपेक्षा महाग असायची. ‘वापरलेले ते स्वस्त’ हे अर्थशास्त्र त्या काळाला लागू नव्हते. परदेशी गाडीच्या तर वाटाच दोन: परदेशातून कायमचे परतणाऱ्याने सोबत आणलेली एक गाडी, किंवा वकिलातींच्या वापरातून निघालेल्या आणि स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जाणाऱ्या गाड्या. त्यामुळे एखाद्या नटाच्या किंवा कारखानदाराच्या दारातली मर्सिडीज बहुधा जुनीच असे, आणि तिचे जुनेपण कुणाला खटकत नसे. परदेशी असणे हेच तिचे नवेपण होते. आजही आपल्या मनात जुन्या जर्मन गाडीविषयी जो एक हळवा कोपरा आहे, तो मला त्या टंचाईचा वारसा वाटतो. टंचाई गेली, हळवेपणा उरला.

स्पोर्ट्‌स सेडान म्हणतात तो प्रकार तिकडे याच काळात घडत होता. म्युनिकच्या बीएमडब्ल्यूने १९६० च्या दशकाच्या आरंभी ‘१५००’ ही चार दारांची गाडी काढून आपले बुडते दुकान सावरले. १९६८ मध्ये दोन दारांची ‘२००२’ आली, १९७५ मध्ये ‘३ सिरीज’. मर्सिडीजने १९८२ मध्ये ‘१९०’ काढली. कल्पना सोपी होती. गाडी बायकामुलांना घेऊन जाणारी असावी, सामान मावावे, पण चालवणाऱ्याला प्रत्येक वळणावर आनंद व्हावा. तिथल्या मध्यमवर्गाने, डॉक्टर-वकील-अभियंत्यांनी ही गाडी उचलली. तिला रोजच चालवायचे होते. त्यासाठीच ती घडवली होती. मात्र ते ‘रोज’ जर्मनीतले होते. गुळगुळीत रस्ते, महामार्गाच्या मोठ्या भागावर वेगमर्यादा नाही, चाळीस अंशांच्या वरचा उन्हाळा विरळाच, आणि गावोगावी अधिकृत कार्यशाळा. वस्तू परदेशी जाते तेव्हा तिचे रोजचे जगणे मागेच राहते. भाषांतर करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे दार उघडले १९९३ मध्ये, मोटारउद्योगावरची परवानापद्धती उठल्यावर. १९९४ मध्ये मर्सिडीज-बेंझ इंडिया स्थापन झाली, १९९५ पासून पिंपरीच्या टेल्कोच्या आवारात ई-क्लास जोडली जाऊ लागली. २००१ मध्ये औरंगाबादजवळ शेंद्र्याला श्कोडाची ऑक्टाव्हिया आली. कंपनी चेक, पण १९९१ पासून फोक्सवॅगनच्या छत्राखाली, त्यामुळे आपल्या लोकांनी तिला जर्मनांतच जमा केले. २००७ मध्ये बीएमडब्ल्यूचा चेन्नईचा कारखाना सुरू झाला, त्याच सुमारास शेंद्र्यात ऑडी जोडली जाऊ लागली. २००९ मध्ये मर्सिडीज चाकणला गेली आणि फोक्सवॅगनही तिथेच आली. म्हणजे ज्यांना आपण परदेशी म्हणतो त्या गाड्यांचा मोठा हिस्सा महाराष्ट्रातच जुळवला गेला आहे. चाकण आणि शेंद्र्याच्या पट्ट्यात ज्यांची शेते गेली त्यांच्या मुलांनी या गाड्यांचे बोल्ट आवळले.

मग आला ऑक्टोबर २०१०. औरंगाबादच्या (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) उद्योजक-व्यावसायिकांच्या एका गटाने सुमारे दीडशे मर्सिडीज गाड्या एकगठ्ठा खरेदी केल्या. रक्कम सुमारे ६५ कोटी रुपये, बँकेचे कर्ज सात टक्क्यांच्या आसपास. देशभर कौतुक झाले: मागास म्हणवणाऱ्या मराठवाड्याने कसे दाखवून दिले वगैरे. त्याच वर्षाच्या अखेरीस पी. साईनाथ यांनी या सात टक्क्यांशेजारी शेतकऱ्याच्या ट्रॅक्टर-कर्जाचा व्याजदर ठेवला. तो कितीतरी चढा होता. मराठीत या घटनेवर टीका झाली, विनोद झाले. कादंबरी झाली नाही. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. खासगी गाडीची नोंदणी आपल्याकडे पंधरा वर्षांची असते. २०१० च्या त्या गाड्यांची मुदत २०२५ मध्ये संपली. ज्या पहिल्या मालकांनी त्या प्रतिष्ठेसाठी घेतल्या, त्यांच्याकडून त्या कधीच निघाल्या असतील; आणि दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या हातांनी अशाच गाड्या जिल्ह्याच्या आणि मग तालुक्याच्या गावाकडे सरकत असतात. वरची धोतरे खाली येतात तशी. आमच्या सहकाऱ्यासमोर आलेली गाडी ही अशी पंधरा वर्षांच्या उतरणीवरून येणारी गाडी आहे.

ती इतकी स्वस्त का मिळते, हेही इतिहासाचेच उत्तर आहे. चाळीस लाखांची गाडी दहा-बारा वर्षांनी सात-आठ लाखांना मिळाली तरी तिचा हेडलाइट चाळीस लाखांच्या गाडीचाच असतो. गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. मराठीत ‘घेणे’ आणि ‘पोसणे’ ही दोन क्रियापदे वेगळी आहेत. बैल घेतात आणि पोसतात, हत्ती घेता येतो आणि पोसवत नाही. गाडीच्या जाहिरातीत फक्त पहिले क्रियापद असते. त्यात सरकारी नियम आपापला भार टाकतात. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी आणल्यावर तिथल्या चांगल्या डिझेल सेडान कवडीमोल होऊन इतर राज्यांत जाऊ लागल्या. मात्र त्या इथे नोंदवताना महाराष्ट्राचा कर भरावा लागतो, हे विकणारा शेवटी सांगतो. पंधरा वर्षांनंतर नोंदणी वाढवण्याचे शुल्क २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजारांवर गेले. पेट्रोल घ्यावे तर वीस टक्के इथेनॉलचे मिश्रण आता पंपोपंपी आहे, आणि जुन्या गाड्यांचे रबर व नळ्या त्यासाठी घडवलेल्या नाहीत. २०२० नंतरची डिझेल घ्यावी तर धुराची काजळी धरणारी गाळणी मधूनमधून लांब पल्ला मागते. घर ते कॉलेज, कॉलेज ते बाजार अशा तुकड्या-तुकड्यांनी चालवली तर ती तुंबते. सहकाऱ्याचा रस्ता मात्र लांबचा आणि सलग, एवढी एक गोष्ट त्यांच्या बाजूची.

त्यांच्याबरोबर दोन रविवार मी नागपूरला गाड्या पाहत हिंडलो. यंत्रातले मला कळते असा दावा नाही. पण जुनी पोथी कशी पाहावी याचे थोडे शिक्षण झाले आहे, आणि ते अनपेक्षितपणे उपयोगी पडले. पोथी हाती आली की आपण आधी तिचा प्रवास विचारतो: कुणाच्या घरची, किती हातांतून आली, मधली पाने एकाच हातची आहेत का, शेवटचा कोलोफन नंतर जोडलेला तर नाही. गाडीचेही तसेच. नंबरपट्टी एमएच ०२ म्हणते, म्हणजे पहिली वर्षे मुंबईत गेली. मग तिच्या सतरंजीखाली गाळाची ओळ आहे का ते पाहावे. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईत बुडालेल्या कितीतरी गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या होत्या, आणि त्यानंतरही पावसाळे झालेच आहेत. सर्व्हिसच्या नोंदी सलग असाव्यात. एका गाडीच्या नोंदी ६८ हजार किलोमीटरवर थांबल्या होत्या आणि तीन वर्षांनंतर काचेमागचा आकडा ६१ हजार दाखवत होता. बैलबाजारात हेडी बैलाचे दात घासून वय लपवतो असे लहानपणी ऐकले होते. इथे दात आकड्यांचे होते. आम्ही विक्रेत्याला काही बोललो नाही, चहा घेऊन निघालो.

अखेर दोन गाड्या उरल्या. एक २०१३ ची बीएमडब्ल्यू ३२०डी, दुसरी २०१४ ची श्कोडा ऑक्टाव्हिया डिझेल, हाताच्या गिअरची. बीएमडब्ल्यू चालवून आल्यावर सहकाऱ्याच्या चेहऱ्यावर जे दिसले ते मी विसरणार नाही. मीही शेजारी बसलो होतो; बुटीबोरीच्या पुढे रस्ता मोकळा झाला तेव्हा गाडीने जो श्वास घेतला त्याला दुसरा शब्द नाही. हौसेला हसणे सोपे असते. आयुष्यभर एसटीच्या मधल्या बाकावर बसलेल्या माणसाला पन्नास किलोमीटर स्वतःच्या हाताने असे जाता येणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि मास्तराने ती मागू नये असे म्हणणारे आमचे पहिले तटवाले मला त्या क्षणी अगदी परके वाटले.

तसेच पुढे जामच्या चौरस्त्यावरून गाडी समुद्रपूरला नेली. तिथे एक मिस्त्री आहेत. ट्रकवर शिकले, ट्रॅक्सवर वाढले, साठी ओलांडलेली. त्यांनी बॉनेट उघडले. वर काळे प्लास्टिकचे झाकण. ते त्यांनी काढायला लावले, बराच वेळ आत पाहिले, मग इंजिनाला कान लावून ऐकले. या कुळातल्या डिझेल इंजिनांची टायमिंग चेन मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे असते; ती खिळखिळी झाली तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवण्याखेरीज इलाज नसतो, आणि २००७ ते २०११ च्या काळातल्या इंजिनांची ही ख्याती आहे. ही गाडी त्यानंतरची. मिस्त्रींना यातले काही सांगितले नव्हते. त्यांनी मागच्या भिंतीकडे बोट केले आणि विचारले, “इकडे काय हाये? हात कसा घालाचा?” मग टायरांकडे गेले. हवा गेली तरी काही अंतर चालणारे ते जाड टायर त्यांनी दाबून पाहिले, डिकीत बदली चाक शोधले, सापडले नाही. तूर-पऱ्हाटीच्या दिवसांत शेतातून रस्त्यावर सांडणाऱ्या काड्या-काट्यांविषयी ते काहीतरी पुटपुटले. शेवटी फडक्याला हात पुसत म्हणाले, “गाडी लय गुणाची हाये, सर. पण बिघडली त मले फोन नोका करजा.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, किंचित लाज होती. ज्या माणसाने मर्सिडीजचे इंजिन डोळे मिटून खोलले-जोडले, त्याला जर्मन गाडीसमोर ही लाज वाटावी हे मला फार लागले. तीस-पस्तीस वर्षांत त्यांचे काही कमी झालेले नाही. इंजिनाच्या बिघाडाची भाषा लोखंडातून निघून संगणकाच्या पडद्यावर गेली, आणि तो पडदा वाचायची साधने कंपन्यांनी आपल्या कार्यशाळांत ठेवली. त्या कार्यशाळा नागपूरला. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर असताना जामच्या पुढे थंडाव्याच्या यंत्रणेची प्लास्टिकची टाकी तडकली, तर गाडी क्रेनवर चढवून नागपूरला न्यायची. एकदा नेली तर गंमत. वर्षातून तीनदा नेली तर ती रोजची गाडी उरत नाही, सणाची होते. काळीपिवळी रोजची होती, कारण तिचे वैद्य चौकात बसत. माझ्या मते एवढ्याच एका कसोटीवर हा निर्णय व्हायला हवा होता, आणि मी सहकाऱ्याला तसे सांगितले. प्रतिष्ठेवर नाही, पगारावरही नाही. घरापासून मिस्त्री किती अंतरावर आहे, यावर.

ऑक्टाव्हियाच्या बाबतीतही सगळे सरळ नव्हते. फोक्सवॅगन समूहाच्या डिझेल इंजिनांचे धुराचे प्रकरण सप्टेंबर २०१५ मध्ये जगापुढे आले. आपल्याकडेही त्या समूहाने सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले, त्यांत लॉरासारख्या श्कोडाही होत्या. कागद तपासावे लागले. स्वयंचलित गिअरच्या काही श्कोडा-फोक्सवॅगन गाड्यांत गिअरबॉक्सचा विद्युत-जलचलित भाग दगा देतो, म्हणून हाताचा गिअर हवा हे आधीच ठरले होते. पण हिंगणघाटला एक तरुण निघाला. पुण्याकडे सात-आठ वर्षे एका कार्यशाळेत काम करून आई आजारी पडल्यामुळे परत आलेला. त्याने स्वतःच्या पैशांनी या समूहाच्या गाड्यांचे दोष वाचणारे उपकरण घेतले आहे आणि एका जुन्या लॅपटॉपवर ते चालवतो. जिल्ह्यातल्या श्कोडा, फोक्सवॅगन आणि चार-दोन ऑडी त्याच्याकडे येतात. बीएमडब्ल्यूला हात लावत नाही. तिची साधने वेगळी, म्हणाला, आणि महाग.

सहकाऱ्यांनी ऑक्टाव्हिया घेतली. बीएमडब्ल्यूच्या विक्रेत्याला नाही कळवायला त्यांना चार दिवस लागले. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनी गाडी हिंगणघाटला त्या मुलाकडे दाखवायला नेली, तेव्हा समुद्रपूरच्या मिस्त्रींनाही सोबत नेले. मुलाने तार जोडली, पडद्यावर इंग्रजीत दोषांचे तीन आकडे उमटले. मिस्त्रींनी ते वाचून दाखवायला सांगितले, क्षणभर ऐकले, आणि दुसऱ्या आकड्यावर म्हणाले, हा नोझलचा आवाज मी चौरस्त्यावरच ऐकला होता. मुलाने नोझल काढली.